भाडेकरू, घरमालक आणि मंडळ : जबाबदारीच्या भाषेचे वाचन

प्रास्ताविक

व्यावहारिक मराठीच्या अभ्यासक्रमात आपण अर्ज, सूचना, करारनामा, पावती या लेखनप्रकारांची रूपे अभ्यासतो. पत्राचा मायना कसा असावा, विषय कोठे लिहावा, संदर्भ कसा द्यावा, हे एव्हाना आपल्या परिचयाचे झाले असेल. परंतु रूप ओळखता आले म्हणजे मजकूर उमगला असे होत नाही. हाती आलेल्या सूचनेत काय लिहिले आहे हे बहुतेक जण सांगू शकतात. त्या सूचनेनुसार कोणी, काय, केव्हापर्यंत करायचे आहे आणि न केल्यास कोणाला उत्तर द्यावे लागेल, हे सांगताना मात्र चांगला शिकलेला माणूसही चाचपडतो. राहत्या घरासंबंधीच्या कागदात असे चाचपडणे फार महाग पडते.

या घटकासाठी मुंबई शहरातील उपकरप्राप्त इमारतींचे उदाहरण घेतले आहे. भाड्याने राहणारे कुटुंब, इमारतीचा मालक आणि त्यांच्या साहाय्यासाठी कायद्याने उभी केलेली सार्वजनिक संस्था असे तीन पक्ष येथे एकत्र येतात. दोन पक्षांच्या व्यवहारात एखादे काम एकाचे नसेल तर ते दुसऱ्याचे असते. तिसरा पक्ष आला की ते कोणाचेच नाही असे भासवता येते, आणि हे भासवणे पुष्कळदा वाक्यरचनेतूनच घडते. ज्यांचा मुंबईशी संबंध नाही त्यांनीही हे उदाहरण परके मानू नये. नगरपालिकेची, वीज कंपनीची किंवा पतसंस्थेची पत्रे याच मराठीत लिहिलेली असतात.

तीन पक्ष कसे एकत्र आले

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मुंबईत घरांची टंचाई तीव्र झाली. भाडेकरूला मनमानी भाडेवाढीपासून आणि बेघर होण्यापासून संरक्षण मिळावे म्हणून १९४७ मध्ये मुंबईचा भाडे नियंत्रण कायदा झाला. जुन्या घरांची भाडी सर्वसाधारणपणे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर बांधली गेली. गिरणीत, गोदीत, छोट्या कचेरीत काम करणाऱ्या कुटुंबांना या कायद्याने शहरात टिकून राहता आले, ही त्याची मोठी कामगिरी आहे. परंतु भाडे थांबले तरी सिमेंट, लोखंड आणि गवंड्याची मजुरी थांबली नाही. इमारत दुरुस्त करण्याइतके उत्पन्न तिच्यातून येईनासे झाले आणि मालकांनी दुरुस्तीतून अंग काढून घेतले. लाकडी तुळया-खांबांच्या आणि विटांच्या त्या इमारती दरवर्षी चार महिने पावसात भिजत राहिल्या. १९६० च्या दशकापर्यंत इमारती कोसळण्याचे प्रकार इतके वाढले की शासनाला मध्ये पडावे लागले.

१९६९ च्या कायद्याने मुंबई इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाची तरतूद केली. पुढे १९७६ च्या अधिनियमानुसार महाराष्ट्र गृहनिर्माण व क्षेत्रविकास प्राधिकरण, म्हणजे आपण ज्याला म्हाडा म्हणतो ते, १९७७ मध्ये स्थापन झाले आणि हे मंडळ त्याचा भाग बनले. मंडळाचे कार्यक्षेत्र बेटावरील शहर, म्हणजे कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतचा भाग. येथील जुन्या भाड्याच्या इमारतींवर एक उपकर बसवण्यात आला. महापालिका तो मालमत्ता कराबरोबर वसूल करते. त्या रकमेत राज्य शासन आणि महापालिका यांच्या अंशदानाची भर पडते आणि या निधीतून मंडळाने इमारतींची संरचनात्मक दुरुस्ती करावी, दुरुस्तीपलीकडे गेलेली इमारत पुन्हा बांधावी, तोवर रहिवाशांना संक्रमण शिबिरात जागा द्यावी, अशी ही योजना आहे. आरंभी अशा इमारतींची संख्या १९,६४२ होती. वयानुसार त्यांचे तीन गट पाडले आहेत : १ सप्टेंबर १९४० पूर्वीच्या, तेव्हापासून १९५० अखेरपर्यंतच्या, आणि १९५१ ते ३० सप्टेंबर १९६९ या काळातल्या.

भाडी अशी गोठवून ठेवणे काळाच्या ओघात अवाजवी ठरले आहे, असे मत सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये नोंदवले. त्यानंतर महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ आला आणि ३१ मार्च २००० पासून अमलात आला. त्याने दरवर्षी चार टक्के भाडेवाढ करण्याची मुभा दिली. मात्र मूळ भाडे दरमहा १०० रुपये असेल, तर चार टक्के म्हणजे चार रुपये. या आकड्याकडे आपण पुढे पुन्हा येऊ.

कोणाचे काय

आता कायद्याने कोणावर काय सोपवले आहे ते पाहू. भाडेकरूने ठरलेले भाडे वेळेवर द्यावयाचे आहे. तो भाडे देतो किंवा द्यावयास तयार असतो आणि बाकीच्या अटी पाळतो, तोवर मालकाला केवळ मर्जीने त्याच्याकडून ताबा घेता येत नाही. त्याने मालकाच्या लेखी संमतीवाचून कायम स्वरूपाचे बांधकाम करावयाचे नाही आणि परस्पर पोटभाडेकरू ठेवावयाचा नाही. मधली भिंत पाडणे, जड पोटमाळा चढवणे, मूळ आराखड्यात नसलेली मोरी किंवा शौचालय खोलीत घेणे, या गोष्टी घरात माणसे वाढली म्हणून होतात हे आपण सगळे जाणतो. पण खालच्या मजल्याच्या तुळईला त्यामागची अडचण कळत नाही. तिला फक्त वजन आणि ओल कळते. भाडेकरूंच्या हक्कांविषयी बोलताना ही बाजू झाकण्याची पद्धत पडली आहे. ती मला योग्य वाटत नाही.

मालकाने जागा राहण्यायोग्य स्थितीत ठेवावयाची आहे, भाड्याची लेखी पावती द्यावयाची आहे, आणि पाणी, वीज, जिना, शौचालय यांसारख्या आवश्यक सोयी तोडून भाडेकरूला जेरीस आणावयाचे नाही. नवीन भाडेकरार असो की लिव्ह अँड लायसन्सचा करार असो, तो लेखी असला पाहिजे आणि त्याची नोंदणी झाली पाहिजे. ही नोंदणी करून घेण्याची जबाबदारी १९९९ च्या अधिनियमाच्या कलम ५५ ने मालकावर टाकली आहे. नोंदणी नसेल आणि वाद उद्भवला, तर अटींविषयी भाडेकरू जे म्हणतो ते, विरुद्ध पुरावा येईपर्यंत, खरे धरले जाते. पुण्यात किंवा ठाण्यात खोली घेऊन राहणाऱ्या आपल्यापैकी कित्येकांना ही तरतूद ठाऊक नसते. नोंदणीचा खर्च कोणी करायचा यावर मालकाशी घासाघीस होते, आणि मुळात नोंदणी ही कोणाची जबाबदारी आहे हा प्रश्न बाजूलाच राहतो.

मंडळाकडे खांब, तुळया, छत, जिना यांची मोठी दुरुस्ती येते. गिलावा, रंग, फुटलेली काच ही किरकोळ कामे मंडळाची नव्हेत; ती मालकाकडेच राहतात. मोठ्या दुरुस्तीलाही दर चौरस मीटरमागे खर्चाची मर्यादा आहे. दरवर्षी पावसाळ्यापूर्वी सर्वेक्षण करून अतिधोकादायक इमारतींची यादी जाहीर करणे, त्यांतील रहिवाशांना हलवणे, पुनर्विकासापूर्वी भाडेकरूंची यादी प्रमाणित करणे हीही मंडळाचीच कामे. यांशिवाय महापालिका चौथा पक्ष म्हणून उभी असते, कारण धोकादायक बांधकामाची सूचना आणि अनधिकृत बांधकामावरील कारवाई या गोष्टी तिच्या अधिकारात येतात.

१६ जुलै २०१९ रोजी डोंगरीत केसरबाई इमारतीच्या ठिकाणी बांधकाम कोसळले आणि दहाहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. ढिगारा उपसण्याचे काम चालू असतानाच प्रश्न उपस्थित झाला, की कोसळले ते उपकरप्राप्त इमारतीत मोडते की तिला लागून उभे केलेले अनधिकृत बांधकाम आहे. या प्रश्नाच्या उत्तरावर जबाबदारी कोणत्या कार्यालयाची हे अवलंबून होते. तेथे राहणाऱ्या माणसाला आपण या दोहोंपैकी कशात राहतो हे आधी कोणत्या कागदावरून कळले असते, असा विचार आपण या घटकाचे विद्यार्थी म्हणून केला पाहिजे.

नावांकडे थोडे लक्ष

'भाडे' हा शब्द संस्कृत 'भाटक' वरून प्राकृतातून आपल्याकडे आला. 'भाडेकरू' मधील '-करू' हा 'करणारा' या अर्थाचा अंश आपल्याला 'यात्रेकरू' मध्येही भेटतो. म्हणजे भाडेकरूच्या नावातच एक क्रिया आहे. 'मालक' हा अरबीतून आलेला शब्द स्वामित्वाची स्थिती सांगतो, त्यात क्रिया नाही. 'मंडळ' तर केवळ समूह दाखवते. शब्दाच्या व्युत्पत्तीवरून कायदा ठरत नाही हे खरे. तरी या तीन नावांतील फरक पुढे वाक्यांत जसाच्या तसा उमटलेला दिसतो, म्हणून त्याची नोंद करून ठेवावी.

'जबाबदार' या शब्दात अरबी 'जवाब' आणि फारसी 'दार' आहेत : ज्याच्यापाशी उत्तर आहे तो. 'पावती' ही 'पावणे' या क्रियापदापासून झाली आणि 'पोच' 'पोचणे' पासून. दोन्ही शब्दांचा अर्थ एकच : दिलेली वस्तू योग्य जागी जाऊन पडली. जुन्या चाळींतील कुटुंबे भाड्याच्या पावत्या तीन-तीन पिढ्या ट्रंकेत जपून ठेवतात ती हौस म्हणून नव्हे. पागडीच्या व्यवहारात हाती दुसरा कागदच नसतो, आणि पुनर्विकासाच्या वेळी प्रमाणित यादीत नाव यायचे तर पावतीवरील नाव हाच आधार ठरतो. आजोबांच्या नावाची पावती वडिलांच्या हयातीत बदलून घेतली नाही, म्हणून नातवाचे नाव यादीत येताना अडते, हे नेहमीचे दुखणे आहे.

'संक्रमण शिबिर' हा शब्द मात्र व्यवहाराने पार बदलून टाकला आहे. संक्रमण म्हणजे एका ठिकाणाहून दुसरीकडे जाणे, आणि शिबिर म्हणजे तात्पुरता मुक्काम. दोन्ही शब्द अल्पकाळ सुचवतात. प्रत्यक्षात कित्येक कुटुंबांची मुले या शिबिरांत जन्मली, शिकली आणि त्यांची लग्नेही तेथेच झाली. ज्यांची मूळ इमारत पुन्हा उभी राहूच शकत नाही अशांसाठी मंडळाची 'बृहतसूची' असते. अन्यत्र पुनर्विकासातून मंडळाला मिळालेल्या जास्तीच्या गाळ्यांतून त्यांना कायमचे घर द्यावयाचे असते. तेव्हा घर सोडण्याची सूचना आल्यावर एखादी वृद्ध बाई 'मी येथेच मरेन' म्हणते, तो केवळ हट्ट नसतो. 'संक्रमण' या शब्दाचा शेजाऱ्यांच्या बाबतीत काय अर्थ निघाला ते तिने पाहिलेले असते.

'करील' आणि 'करण्यात येईल'

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. पुढील दोन वाक्ये पाहा.

(अ) घरमालक जागा सुस्थितीत ठेवील.
(आ) इमारतीची दुरुस्ती करण्यात येईल.

दोन्ही वाक्यांत भविष्यकाळ आहे. पहिले वाक्य अधिनियमाच्या शैलीतले आहे. कायद्याच्या मराठीत '-ईल' हे रूप भाकीत सांगत नाही, बंधन सांगते. 'ठेवील' म्हणजे ठेवलेच पाहिजे. जेथे केवळ अधिकार किंवा मुभा द्यावयाची असते तेथे कायदा 'करता येईल' किंवा 'करू शकेल' असे म्हणतो. हा फरक न कळल्याने अनेक वाचक कायद्यातील बंधनाला आश्वासन समजतात.

दुसरे वाक्य कार्यालयीन पत्रातले आहे. त्याला कायद्यातील '-ईल' चे बळ नाही. शिवाय त्यात कर्ता नाही. 'करण्यात' हे धातुसाधित नामाचे सप्तमीचे रूप आणि पुढे 'येईल' हे क्रियापद. काय येईल, तर दुरुस्ती 'करण्यात' येईल. कोण करील हा प्रश्न या रचनेला पडतच नाही, आणि न पडल्यामुळे वाक्य व्याकरणदृष्ट्या अपुरेही वाटत नाही. 'राम आंबा खातो' मधून 'राम' काढला तर पोकळी जाणवते. 'करण्यात येईल' मध्ये पोकळी जाणवत नाही. सोय म्हणून ही रचना प्रशासनाला इतकी का आवडली याचे कारण येथे आहे.

कर्ता घालायचा झाला तर तो घालता येतो : 'मंडळाकडून दुरुस्ती करण्यात येईल'. पण येथेही निवड आहे. 'मंडळाकडून' म्हटले की करणारे मंडळ. 'मंडळामार्फत' म्हटले की मंडळ हे माध्यम. प्रत्यक्ष करणारा कोणी ठेकेदार असू शकतो आणि काम बिघडले तर बोट त्याच्याकडे वळवता येते. 'मंडळातर्फे' म्हटले की मंडळाच्या वतीने, मंडळाच्या बाजूने. 'मार्फत' आणि 'तर्फे' हे दोन्ही शब्द अरबीतून आले असून दुसऱ्यात 'तरफ', म्हणजे बाजू, स्पष्ट दिसते. दैनंदिन लेखनात ही तिन्ही अव्यये आपण अदलून-बदलून वापरतो. ज्या कागदावर माणसांचे छप्पर अवलंबून आहे, त्या कागदात ती अदलून-बदलून वापरू नयेत.

एका सूचनेचे वाचन

पुढील नमुना अध्ययनासाठी रचलेला आहे. तो कोणत्याही एका प्रत्यक्ष सूचनेची नक्कल नाही. मात्र याच धाटणीचे मजकूर आपल्या पाहण्यात आले असतील.

"आपण राहत असलेली इमारत सर्वेक्षणात अतिधोकादायक आढळून आली आहे. तरी ही सूचना मिळताच आपण आपला गाळा तत्काळ रिक्त करावा. आपली व्यवस्था उपलब्धतेनुसार संक्रमण शिबिरात करण्यात येईल. इमारतीच्या पुनर्बांधणीबाबत नियमानुसार कार्यवाही करण्यात येईल. गाळा रिक्त न केल्यास होणाऱ्या जीवित व वित्तहानीस आपण सर्वस्वी जबाबदार राहाल. मंडळ जबाबदार राहणार नाही."

पहिल्या वाक्यात इमारत धोकादायक 'आढळून आली', पण ती कोणाला आढळली, कोणत्या तारखेच्या पाहणीत, हे नाही. दुसऱ्या वाक्यात कर्ता लख्ख आहे : 'आपण'. क्रियापद विध्यर्थी आहे, मुदतही आहे, 'तत्काळ'. तिसऱ्या वाक्यात कर्ता नाहीसा झाला, मुदत नाहीशी झाली आणि 'उपलब्धतेनुसार' ही अट आली. चौथ्यात 'नियमानुसार' आणि 'कार्यवाही' हे दोन शब्द आहेत; कोणता नियम आणि कार्यवाही म्हणजे नेमके काय, हे वाचकाने आपापल्या स्वभावानुसार समजून घ्यायचे. पाचव्या वाक्यात 'आपण' परत आला. आणि सूचनेच्या अगदी शेवटी मंडळ प्रथमच कर्त्याच्या जागी आले, तेही नकारार्थी वाक्यात.

थोडक्यात, ज्या वाक्यात काही सोसायचे आहे तेथे भाडेकरू कर्ता आहे. ज्या वाक्यात काही द्यायचे आहे तेथे कर्ताच नाही. आणि घरमालक? तो मजकुरात नाहीच. फार तर तळाशी 'प्रत माहितीसाठी' या ओळीत त्याचे नाव असते. जागा सुस्थितीत ठेवण्याचे कायदेशीर बंधन ज्याच्यावर आहे, त्याला ही इमारत धोकादायक झाल्याची केवळ 'माहिती' मिळते.

यात पत्र लिहिणाऱ्या अधिकाऱ्याचा कावा आहे असे मी सुचवत नाही. त्याच्यापाशी आज रिकामा गाळा नसतो, निधी कधी येईल हे त्याला ठाऊक नसते, आणि इमारत तर कोणत्याही क्षणी पडू शकते. रहिवाशांनी बाहेर पडावे हे त्याचे म्हणणे खरे आणि निकडीचे आहे. अशा सूचनेतील 'तत्काळ' हा शब्द भाषिक विश्लेषणासाठी थांबत नाही, हे विद्यार्थ्यांनी विसरू नये : इमारत अतिधोकादायक असेल तर आधी बाहेर पडावे, कागदाचा अर्थ नंतर लावावा. परंतु बाहेर पडणे सोपे व्हावे यासाठीच तिसरे वाक्य वेगळे लिहायला हवे. 'मंडळ आपल्या कुटुंबाला अमुक शिबिरातील अमुक क्रमांकाचा गाळा अमुक तारखेला देईल' असे लिहिता आले तर उत्तम. गाळा नसेल तर 'आज मंडळाकडे गाळा उपलब्ध नाही. पर्यायी व्यवस्थेबाबत अमुक पदावरील अधिकारी आपल्याला अमुक तारखेपर्यंत लेखी कळवतील' एवढे तरी लिहिता येते. नकार कळला तर माणूस नातेवाइकाकडे सोय पाहतो. 'उपलब्धतेनुसार' ऐकून तो वाट पाहत बसतो, त्याच इमारतीत.

कायदाही कर्ता आणि मुदत यांचे महत्त्व ओळखतो, याचे एक अलीकडचे उदाहरण आहे. म्हाडाच्या अधिनियमात कलम ७९-अ घालणाऱ्या सुधारणेला २०२२ मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळाली. त्यानुसार धोकादायक ठरलेल्या उपकरप्राप्त इमारतीच्या मालकाने सूचना मिळाल्यापासून सहा महिन्यांत, ५१ टक्के भाडेकरूंच्या संमतीसह, पुनर्विकासाचा प्रस्ताव सादर करावयाचा आहे. त्याने तो न केल्यास भाडेकरूंच्या सहकारी संस्थेला पुढील सहा महिने मिळतात. तिनेही न केल्यास मालमत्ता संपादन करून पुनर्विकास करण्याचा मार्ग म्हाडाला खुला होतो. तरतुदीच्या अंमलबजावणीविषयी मतभेद असू शकतात. तिची रचना मात्र अभ्यासण्याजोगी आहे : प्रत्येक टप्प्याला एक कर्ता, प्रत्येक कर्त्याला एक मुदत, आणि मुदत टळल्यावर काम कोणाकडे जाते याचे उत्तर.

आपल्या अर्जातील कर्ता

येथवर आपण कार्यालयाची भाषा तपासली. आता आपली तपासू. दुरुस्तीसाठी रहिवासी जो अर्ज लिहितात त्याचा शेवट ठरलेला असतो : 'तरी योग्य ती कार्यवाही व्हावी, ही नम्र विनंती.' या वाक्यातही कर्ता नाही. कार्यवाही कोणी करावी, कोणती, कधी, हे आपणच सांगितलेले नाही. 'आपल्या अर्जाची नोंद घेण्यात आली आहे' असे उत्तर आले तर त्यात नवल नाही. प्रश्नाच्या रचनेतच उत्तर आले आहे. नम्रता आणि कर्तृहीनता यांची आपल्या मनात गल्लत झाली आहे. 'आपण करावी' असे लिहिणे उद्धटपणाचे नाही. '-वी' हे रूप आदरार्थीच आहे.

जिन्याची तुळई सुटली आहे असे समजा. ही संरचनात्मक दुरुस्ती असल्याने अर्ज मंडळाकडे, आणि त्याची प्रत मालकाकडे. अर्जात इमारतीचा उपकर क्रमांक, मजला, नेमका भाग, दोष पहिल्यांदा केव्हा दिसला ती तारीख, आणि आपली मागणी कर्त्यासह : 'मंडळाच्या अभियंत्यांनी पंधरा दिवसांत पाहणी करून अहवालाची प्रत आम्हांस द्यावी.' अर्ज दिल्यावर दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्यावा. शिक्क्यावाचून अर्ज 'पोचला' हे सिद्ध होत नाही. 'पोच' या शब्दाचा अर्थ आपण वर पाहिलाच आहे.

गिलावा कोसळला, शौचालयाचे दार निखळले, तर मात्र तो मालकाचा विषय. १९९९ च्या अधिनियमानुसार भाडेकरू मालकाला किमान पंधरा दिवसांची लेखी सूचना देऊ शकतो आणि मालकाने दुरुस्ती न केल्यास ती स्वतः करून घेऊन खर्च भाड्यातून वळता करू शकतो. वळती करावयाची रक्कम एका वर्षात वार्षिक भाड्याच्या एक चतुर्थांशापेक्षा अधिक असता कामा नये. आता मघाचा आकडा आठवा. दरमहा १०० रुपये भाडे, म्हणजे वर्षाचे १,२०० रुपये. त्याचा चतुर्थांश ३०० रुपये. ३०० रुपयांत आज गवंडी एक दिवसही येत नाही. तरतुदीचे वाक्य निर्दोष आहे, कर्ता आहे, मुदत आहे; तिच्यामागचे गणित मात्र १९४० मध्येच राहिले आहे. भाषेच्या अभ्यासकाने येथे थांबून कबूल करावे, की प्रत्येक दोष वाक्यात नसतो.

मालक भाडे स्वीकारण्याचे टाळत असेल, तर तोंडी 'मी द्यायला गेलो होतो' याला किंमत नाही. भाडे मनिऑर्डरने पाठवून नाकारल्याचा शेरा जपून ठेवण्याची जुनी पद्धत याच अनुभवातून आली. आज बँकेतून रक्कम पाठवता येते. तेव्हा तपशिलाच्या रकान्यात महिना आणि खोली क्रमांक लिहिण्यास विसरू नये, कारण नुसती रक्कम 'भाडे' आहे हे बँकेच्या नोंदीवरून कळत नाही.

पुनर्विकासाच्या वेळी संमतिपत्रावर सही करताना आणखी एका शब्दजोडीकडे लक्ष द्यावे. 'संमती' म्हणजे होकार. 'ना-हरकत' म्हणजे केवळ हरकत नसणे. मंडळ विकासकाला 'ना-हरकत प्रमाणपत्र' देते, ते 'आम्ही हे काम करून देऊ' असे सांगत नाही. भाडेकरू देतो ती मात्र 'संमती', आणि तिच्या बदल्यात मिळावयाच्या घराचे क्षेत्रफळ, बांधकामाच्या काळातले पर्यायी जागेचे भाडे कोण देणार, ते किती महिने, आणि विकासकाने ते थांबवल्यास पुढे काय, हे त्याच कागदावर आले पाहिजे. 'विकासकाकडून भाडे अदा करण्यात येईल' एवढ्यावर सही करू नये. 'विकासक दरमहा अमुक तारखेपर्यंत अमुक रुपये देईल' असे वाक्य लिहून मागावे.

स्वाध्याय

१. आपल्या घरात आलेले कोणतेही एक कार्यालयीन पत्र घ्या. त्यातील प्रत्येक वाक्याचा कर्ता अधोरेखित करा. ज्या वाक्यांत कर्ता सापडत नाही त्यांची क्रियापदे वेगळी लिहून काढा.

२. 'मंडळाकडून', 'मंडळामार्फत' आणि 'मंडळातर्फे' ही रूपे वापरून प्रत्येकी एक वाक्य लिहा आणि काम अपुरे राहिल्यास प्रत्येक वाक्यानुसार उत्तर कोणी द्यावे लागेल ते स्पष्ट करा.

३. या घटकातील नमुना सूचना मंडळाच्या अधिकाऱ्याच्या भूमिकेतून पुन्हा लिहा. तिच्यात घरमालकासाठी किमान एक वाक्य असावे. आपण भाड्याच्या घरात राहत असाल, तर आपल्या करारनाम्यातील दुरुस्तीविषयीचे कलम शोधून तेही याच पद्धतीने तपासा. असे कलमच नसेल, तर ते काय असावे हे तीन वाक्यांत लिहून पुढील संपर्कसत्रात सोबत आणा.